ईलचा वाताशय: निरोगी आणि कृमी लागलेला

युरोपीय ईल, सापासारखा लांब मासा, अंडी घालायला अटलांटिकमधल्या सारगासो समुद्राकडे निघते, 5000 किलोमीटरच्या आसपासचा पल्ला. रात्री वरच्या थरात, दिवसा शेकडो मीटर खोल. दर 10 मीटरला एक वातावरणाचा दाब वाढतो. वाताशय, म्हणजे माशाला पाण्यात तरंगतं ठेवणारी पोटातली वायूची पिशवी, रोज आवळला जातो, रोज फुगतो.

निरोगी ईलची याला तयारी असते. निघण्याआधी वाताशयाच्या भिंतीत ग्वानीनचा चंदेरी थर दाट होतो, वायू कमी झिरपतो. केशवाहिन्यांचं जाळं लांबतं, रक्तातला वायू जोमाने आत भरला जातो.

दुसरीकडे, पूर्व आशियातून 1980च्या दशकात युरोपात शिरलेला, ईलच्या वाताशयात राहणारा कृमी: रक्त पिऊन काळपट, तट्ट फुगलेला. त्याच्यामुळे वाताशयाची भिंत जाड होते, वायू भरणं मंदावतं. मग बुडू नये म्हणून जास्त पोहावं लागतं. आणि वाटेत ही ईल काही खातच नाही! जळते ती साठवलेली चरबी. मला खरा घात इथेच दिसतो.