एलएलव्हीएमचं एक्सरे: सहा महिने वापरल्यावर

एक्सरे म्हणजे एलएलव्हीएम या कंपायलर-संचातलं साधन: प्रोग्राममधलं कोणतं फंक्शन कधी सुरू झालं, कधी संपलं, याची नोंद ठेवणारं. आमच्या सी++ सर्व्हरमध्ये हजारात एखादी रिक्वेस्ट मध्येच अडकायची. प्रोफायलर, म्हणजे वेळ कुठे जातो ते मोजणारं साधन, सगळ्या रिक्वेस्टचा मिळून हिशेब द्यायचा. ती एक नेमकी कुठे अडली, ते त्यात दिसत नसे.

आधी जीसीसी या कंपायलरचा जुना पर्याय लावला. त्यात प्रत्येक फंक्शनच्या सुरुवातीला आणि शेवटी कंपायलर आपल्या हुकला, म्हणजे नोंद घेणाऱ्या आपल्या फंक्शनला, कॉल घालतो. नोंद सगळी मिळाली, पण प्रोग्राम इतका रेंगाळला की मूळ दुखणंच दिसेना.

एक्सरेची युक्ती मला मनापासून आवडली. कंपायलर फंक्शनच्या तोंडाशी आणि परतीच्या वाटेवर फक्त जागा राखून ठेवतो. एक्स८६ प्रोसेसरसाठीची डिसअसेंब्ली, म्हणजे तयार मशीन-कोडचं वाचता येणारं रूप, उघडून पाहिली: तोंडाशी ९ बाइट ओलांडणारी इवलीशी उडी, तिच्यापुढे नॉप, म्हणजे काहीच न करणारी इन्स्ट्रक्शन. ट्रेसिंग, म्हणजे ही नोंद, बंद असताना खर्च नगण्य. सुरू केलं की चालत्या प्रोग्राममध्येच त्या जागी कॉल बसतो.

एक गोष्ट मात्र आधीच सांगतो, माझे दोन दिवस त्यात गेले. २०० इन्स्ट्रक्शनपेक्षा लहान आणि लूप नसलेली फंक्शनं एक्सरे आपणहून सोडून देतं. आमचा चोर तिथेच होता: कॉन्फिग वाचणारं चार ओळींचं फंक्शन, लॉकसाठी (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कुलपासाठी) ताटकळलेलं. मर्यादा १ वर आणली, ट्रेस क्रोमच्या व्ह्यूअरमध्ये उघडला आणि त्या फंक्शनची लांबच लांब पट्टी समोर आली.

लॉग फाइल भराभर फुगते, डिस्कवर जागा ठेवा. कागदपत्रं त्रोटक आहेत. तरी मल्टिथ्रेडेड, म्हणजे एकाच वेळी अनेक थ्रेडवर चालणारं, सी++ लिहिणाऱ्यांनी हे जरूर वापरावं.