ठेच लागल्यावरच्या दोन वेदना: ए-डेल्टा तंतू आणि सी तंतू

उंबऱ्याला करंगळी आपटली की आधी चर्रकन कळ येते, मग ठणका सुरू होतो. हे दोन वेगळ्या मज्जातंतूंचे दोन निरोप. कळ आणणाऱ्या ए-डेल्टा तंतूंवर मायलिन या स्निग्ध पदार्थाचं पातळ आवरण असतं, म्हणून वेग सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर. नेमकं कुठे लागलं, ते हेच सांगतात. सी तंतू बिनआवरणाचे, सेकंदाला जेमतेम ०.५ ते २ मीटर; पायापासून मज्जारज्जूपर्यंत पोचायलाच त्यांना अर्धा-एक सेकंद सहज लागतो. जागा धूसर, पण ठणका चिवट. मला सी तंतूच जास्त मोलाचे वाटतात: दुखरा पाय जपायला तेच भाग पाडतात. आपण बोट चोळतो तेव्हा स्पर्शाचे ए-बीटा तंतू मज्जारज्जूतच या ठणक्याचा जोर कमी करतात.