शिवसागर जलाशयातील लाँच आणि तराफा सेवा: काठापर्यंत समाधानकारक, पुढे खडी

सातारा जिल्ह्यातील तापोळा आणि बामणोली येथून शिवसागर जलाशयात, म्हणजे कोयना धरणाच्या पाण्यात, चालणाऱ्या बोटींविषयी जे लिहिले जाते, ते बहुधा पर्यटकाच्या सोयीपुरते असते. त्या दृष्टीने तक्रारीला फारशी जागा नाही. वासोटा किल्ल्याला जाण्यासाठी बामणोलीत बोट मिळते, वन विभागाची परवानगीही तेथेच निघते आणि चालक याच खोऱ्यातले असल्याने त्यांना पाण्याची चांगली जाण असते. भाडे संपूर्ण बोटीचे द्यावे लागत असल्यामुळे दोघा-तिघांना ते जड जाते, एवढेच.

परंतु लाँच आणि तराफा पलीकडच्या गावांसाठी रस्त्याच्या जागी आहेत आणि त्यांची पारख त्याच कसोटीवर व्हायला हवी. १९६०च्या दशकाच्या आरंभी कोयनेचे पाणी अडवले गेले, तेव्हा शेतांबरोबर बाजाराच्या वाटाही बुडाल्या. अनेक कुटुंबे सोलापूर, सांगली, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत पाठवली गेली आणि जी खोऱ्यातच राहिली ती डोंगराच्या अंगाला वर सरकली. राज्याचा पुनर्वसन कायदा आला १९७६ साली. त्यामुळे उठताना पोचरस्ता, शाळा, पिण्याचे पाणी हक्काने मागावे, असा कायदाच या लोकांच्या हाताशी नव्हता.

तराफ्यावरून जीप, दुचाकी, सिमेंटची पोती, सारे काही पलीकडे जाते. माणसे चढवताना आणि वाहने लावताना कर्मचारी काळजी घेतात. वारा जोराचा असला की फेरी थांबते, तेही योग्यच. खरी अडचण उन्हाळ्यात होते. याच पाण्यावर १,९६० मेगावॅट क्षमतेचा वीजप्रकल्प चालतो. पाणी वापरले जाते तशी पातळी उतरत जाते, धक्का खाली सरकतो आणि आजारी माणसाला गाळाच्या उतारावरून हातांवर उचलून आणावे लागते. रात्री निकड पडली, तर नेहमीच्या फेरीचा उपयोग नसतो.

उतरल्यावर वस्तीकडे जाणारा जो रस्ता मी पाहिला, तो अर्ध्यावर थांबलेला आहे. सुरुवातीला डांबर आहे, मग नुसती खडी आणि पुढे केवळ मातीकाम. ओढ्यांवर मोऱ्या बांधलेल्या नाहीत, त्यामुळे पावसाळ्यात खडी वाहून जाते आणि पुढच्या वर्षी तेवढाच तुकडा पुन्हा नव्याने करावा लागतो. (कामाच्या फलकावर पूर्णत्वाच्या तारखेचा रकाना कोरा आहे, निदान तो प्रामाणिक आहे.) या भागात १९८५पासून कोयना अभयारण्य असल्याने जंगलातून जाणाऱ्या रस्त्याला वन खात्याची परवानगी लागते, हे मान्य. पण मोरी न बांधण्याचे खापर वाघावर फोडता येत नाही.

तापोळा आणि पलीकडच्या काठावरचे अहीर यांना जोडणारा पूल हाती घेतला गेला आहे. पुढचे हे रस्ते अपुरेच राहिले, तर पुलामुळे केवळ पाण्यावरचा वेळ वाचेल.

पर्यटकांना बोटसेवेची शिफारस जरूर करीन. स्वतःची गाडी तराफ्याने नेणाऱ्यांनी मात्र पलीकडे दुरुस्तीची सोय गृहीत धरू नये, पावसाळ्यात खडीच्या पुढे चाक घालू नये आणि परतीच्या शेवटच्या फेरीची वेळ उतरतानाच विचारून घ्यावी.