बारावीनंतर परदेशात भूशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र: ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि जर्मनीतील पूर्वतयारी अभ्यासक्रमांची तुलना

भूशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्राची पदवी परदेशात घेऊ इच्छिणाऱ्या मुंबईतल्या बारावीच्या विद्यार्थ्यासमोर पाथवे अभ्यासक्रमाचा पर्याय फार लवकर ठेवला जातो. थेट पदवीला प्रवेश मिळण्याइतकी पात्रता नसलेल्यांसाठी ही साधारण वर्षभराची पूर्वतयारी असते. ती कोणत्या देशात करावी यावर घरोघरी बरीच चर्चा होते, पण आपल्या मुलाला तिची गरज आहे का, हा त्याआधीचा प्रश्न विचारायचा राहून जातो. तीन देशांत या प्रश्नाचे उत्तर तीन प्रकारे मिळते.

ब्रिटनमधील फाउंडेशन वर्ष ज्यांचे शालेय शिक्षण तिथल्या ए-लेव्हलशी, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेशी, जुळत नाही त्यांच्यासाठी आहे. भारतातील बारावी मात्र तिथली अनेक विद्यापीठे थेट पदवीप्रवेशासाठी ग्राह्य धरतात. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्याकडून ती केंद्रीय मंडळाच्या विद्यार्थ्यापेक्षा बरेचदा अधिक टक्के मागतात, म्हणून प्रत्येक विद्यापीठाच्या भारतासाठीच्या अटींमध्ये राज्य मंडळाचा उल्लेख वेगळा शोधावा. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणितात चांगले गुण असलेल्या विद्यार्थ्याने थेट अर्ज करून पाहण्याआधी फाउंडेशनचे शुल्क भरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तीन वर्षांची पदवी त्यामुळे चार वर्षांची होते आणि चौथ्या वर्षाचा राहण्याजेवण्याचा खर्चही कुटुंबावर पडतो. वाणिज्य किंवा कला शाखेतून येऊन विज्ञानाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्याला मात्र हे वर्ष खरोखर उपयोगी पडते, कारण भारतात बारावीनंतर विज्ञान शाखेत येण्याची वाट जवळपास बंद असते.

तरीही अशा विद्यार्थ्याने प्रवाह काळजीपूर्वक निवडायला हवा. फाउंडेशनमध्ये साधारणतः विज्ञान-अभियांत्रिकी, व्यवसाय आणि सामाजिक शास्त्रे असे प्रवाह असतात, आणि पर्यावरण हा शब्द यांतील एकाहून अधिक प्रवाहांच्या माहितीपत्रकात आढळतो. सामाजिक शास्त्रांच्या प्रवाहातून पर्यावरण धोरण किंवा मानवी भूगोलाकडे जाता येते, पण विज्ञान विषयांशिवाय भूशास्त्राच्या विज्ञान पदवीचे दार सहसा उघडत नाही. पुढची पदवी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने मान्य केलेली आहे का, हेही पाहावे. ही संस्था भूशास्त्राच्या पदव्यांना व्यावसायिक दृष्टीने मान्यता देते आणि त्यासाठी क्षेत्रकार्याचा विचार करते.

ऑस्ट्रेलियात दोन वेगळ्या पायऱ्या आहेत आणि त्यांत गल्लत होऊ देऊ नये. फाउंडेशन पदवीच्या आधी येते, तर डिप्लोमा पदवीच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा असतो आणि तो पूर्ण केल्यावर थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळू शकतो. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठाचे मोनॅश कॉलेज हे या व्यवस्थेचे परिचित उदाहरण आहे. बारावी झालेल्या, पण गुण थोडे कमी पडलेल्या विद्यार्थ्याचे वर्ष डिप्लोमामुळे वाचते, म्हणून अशा विद्यार्थ्यासाठी मला हा पर्याय ब्रिटनच्या फाउंडेशनपेक्षा सरस वाटतो. अडचण विषयांच्या जुळणीत आहे. असे डिप्लोमे वाणिज्य, संगणक आणि अभियांत्रिकीत सहज मिळतात, भूशास्त्रासाठी ते शोधावे लागतात. पहिल्या वर्षाचा खडक-खनिजांचा प्रात्यक्षिक विषय डिप्लोमात नसेल, तर दुसऱ्या वर्षाचा प्रवेश कागदावरच राहतो आणि तो विषय मागे जाऊन पूर्ण करावा लागल्याने एखादे सत्र वाढू शकते. खर्चही लहान नाही: मे २०२४ पासून व्हिसासाठी वर्षाच्या राहणीखर्चापोटी २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर दाखवावे लागतात, आणि जुलै २०२५ पासून व्हिसाचे अर्जशुल्कच २,००० डॉलर झाले आहे.

जर्मनीतील श्टुडिएनकोलेग, म्हणजे पदवीपूर्व तयारीचे महाविद्यालय, पैशाने सर्वांत हलके आणि मेहनतीने सर्वांत जड आहे. सरकारी श्टुडिएनकोलेगमध्ये शिक्षणशुल्क सहसा नसते किंवा नाममात्र असते. अभ्यासक्रम दोन सत्रांचा असून शेवटी पात्रता-निश्चितीची परीक्षा द्यावी लागते. भूशास्त्राकडे जाणाऱ्याने तांत्रिक व गणिती विषयांचा टी-कुर्स घ्यावा, जीवशास्त्राकडे झुकणाऱ्या पर्यावरण अभ्यासासाठी एम-कुर्स असतो. शिकवण्याची भाषा जर्मन असते आणि प्रवेशपरीक्षेलाच बी१ ते बी२ पातळीची, म्हणजे ए१ ते सी२ या युरोपीय भाषा-श्रेणीतली मधली, जर्मन लागते, त्यामुळे काळा घोड्याजवळच्या मॅक्सम्युलर भवनात किंवा अन्यत्र अकरावीपासूनच भाषा सुरू केलेली बरी. याशिवाय नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना शैक्षणिक कागदपत्रांच्या पडताळणीचे एपीएस प्रमाणपत्र बंधनकारक आहे, आणि सप्टेंबर २०२४ पासून ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे राहणीखर्चाचे पैसे दरमहा ठरावीक रकमेनेच काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाला ११,९०४ युरो ठेवावे लागतात.

जर्मनीच्या बाबतीत मुंबईकराला आणखी एक वाट आहे, आणि मला ती श्टुडिएनकोलेगपेक्षाही चांगली वाटते. मान्यताप्राप्त भारतीय विद्यापीठात पदवीचे पहिले वर्ष यशस्वीपणे पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला जर्मनीत त्याच किंवा निकटच्या विषयाच्या पदवीसाठी थेट अर्ज करता येतो. सेंट झेवियर्स महाविद्यालयात भूशास्त्र विभाग आहे. तिथे पहिले वर्ष करत असतानाच जर्मन शिकता येते आणि हा विषय आपल्याला खरोखर आवडतो का, हे घरी राहून तपासता येते. भाषेचा पल्ला मात्र इथे अधिक लांब होतो, कारण भूविज्ञानाचे बहुतेक पदवी अभ्यासक्रम जर्मनमध्ये असून सी१ च्या आसपासची पातळी अपेक्षित असते.

परदेशी जाण्याचे एक कारण मी पूर्णपणे मान्य करतो. मुंबई आणि पश्चिम महाराष्ट्राचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसॉल्टने, म्हणजे लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या खडकाने, व्यापलेला आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल हे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे दुर्मीळ स्तंभरूप आहे आणि प्रत्येक विद्यार्थ्याने ते पाहायलाच हवे, पण जीवाश्मांनी भरलेले गाळाचे थर किंवा वळ्या पडलेले खडक पाहण्यासाठी इथून दूर जावे लागते. ब्रिटनमध्ये थोड्या प्रवासात निरनिराळ्या कालखंडांचे खडक पाहता येतात. मात्र हे क्षेत्रकार्य पदवीत होते, पूर्वतयारीच्या वर्षात ते फारच थोडे असते, म्हणून केवळ या ओढीने पाथवे घेऊ नये.

ज्यांचा शिक्षणाचा खर्च शिष्यवृत्तीवर अवलंबून आहे त्यांनी क्रमाचा हिशेब उलटा करावा. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी असलेली महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर आणि पीएच.डी. शिक्षणासाठी आहे, फाउंडेशन किंवा पदवीसाठी नाही. पदवी मुंबईत आणि पदव्युत्तर शिक्षण परदेशात, हा क्रम त्यांना अधिक हिताचा आहे. शिवाय भूशास्त्रातील पदवीनंतर एम.एस्सी. प्रवेशाच्या जॅम परीक्षेतून पवईच्या आयआयटीचाही विचार करता येतो.

पाथवेचाच निर्णय झाला असेल, तर पैसे भरण्याआधी संस्थेकडून एक पत्र मागून घ्यावे. पुढील पदवीचे अचूक नाव, तिच्यासाठी प्रत्येक विषयात लागणारे किमान गुण, इंग्रजीची अट आणि गुण कमी पडल्यास उपलब्ध होणारी दुसरी पदवी या चारही गोष्टी त्यात लिहिलेल्या असाव्यात. जाहिरातीतला हमखास प्रवेश याच गुणांच्या अटीवर असतो.