खोसला की स्पेशल छब्बीस? एका रात्रीसाठी एकच निवडायचा तर

गेल्या महिन्यात आमच्या आत्याची पंचाहत्तरी झाली. रात्री जेवणं उरकली, गाद्या पडल्या आणि आत्याचं फर्मान सुटलं, "सगळ्यांनी मिळून एखादा सिनेमा बघू या. चोरीबिरीचा चालेल, पण रक्त नको." घरात लगेच दोन तट पडले. एक 'स्पेशल छब्बीस'चा, दुसरा 'खोसला का घोसला'चा. दोन्ही मी चार-पाचदा पाहिलेत, त्यामुळे निवाडा माझ्याकडे आला. तुमच्याही घरी अशी रात्र येणार असेल, तर माझा विचार कसा झाला ते सांगते.

दोन्हीकडे लूट होते ती सोंग वठवून. कपडे, कागदपत्रं, आवाजातला हुकूम आणि समोरच्याची अचूक ओळखलेली दुखरी नस, एवढंच भांडवल. इंदूरच्या मराठी माणसाला हे सिनेमे का आवडतात, याचं उत्तर मला यातच दिसतं. 'सानंद' या आमच्या इथल्या मराठी सांस्कृतिक संस्थेच्या नाटकाची तारीख बघून लग्नाचा मुहूर्त पुढेमागे करणारी माणसं आम्ही. पात्र स्टेजवर आल्यावर एक क्षण चुकलं तर सगळं कोसळतं, ही धाकधूक आम्हाला कळते.

'स्पेशल छब्बीस' २०१३चा, दिग्दर्शक नीरज पांडे. १९ मार्च १९८७ रोजी मुंबईत ऑपेरा हाऊसच्या एका जवाहिऱ्याच्या पेढीवर खोट्या सीबीआय अधिकाऱ्याने धाड घातली होती. त्याने वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, मुलाखती घेऊन तरुणांची भरती केली होती. त्या बिचाऱ्यांना आपण खरोखरच सरकारी कामावर आलोय असं वाटत होतं. तो म्होरक्या दागिने घेऊन गेला तो कधीच सापडला नाही. सिनेमा या घटनेवर उभा आहे. त्यातली टोळी काळा पैसा दडवणाऱ्यांनाच गाठते, कारण लुटला गेलेला माणूस तक्रार तरी कुठल्या तोंडाने करणार? ही युक्ती पहिल्या अर्ध्या तासात उलगडते आणि तिथून तुम्ही जागचे हलत नाही.

आम्ही तर इंदूरच्या सराफ्यातली, म्हणजे सोन्याचांदीच्या बाजारातली माणसं. रात्री दुकानं मिटली की त्याच ओट्यांवर गराडू (तळलेला कंद) आणि जोशींचे दहीवडे खायला गर्दी उसळते. पण त्याआधीची वेळ मी लहानपणापासून पाहिलीय. मालक गादीवर बसून एकेक मखमली ट्रे मोजून आत देतो, नोकर हात मागे बांधून उभा, कुणी बोलत नाही. अशा वेळी दारात सफारी घातलेली चार माणसं येऊन म्हणाली, "कुणी जागेवरून उठायचं नाही," तर ओळखपत्र नीट वाचून बघायची छाती कितीजणांना होईल? सिनेमातला मुंबईचा प्रसंग बघताना मला दर वेळी ते मखमली ट्रे आठवतात.

टोळीतला इकबाल म्हणजे किशोर कदम, आपला कवी सौमित्र. त्याच्या 'गारवा'तल्या कविता पाठ असलेल्यांना हे सांगितलं की ते सावरून बसतात. मनोज वाजपेयीचा सीबीआय अधिकारी तर असा, की तो आला की चोरांची काळजी वाटू लागते. खटकतं ते प्रेमप्रकरण. काजल अगरवालच्या वाट्याला वाट बघण्यापलीकडे फारसं काही नाही, आणि तिथे सिनेमा मंदावतो. चहा ठेवायचा तर तेव्हा ठेवा.

'खोसला' २००६चा, दिबाकर बॅनर्जींचा पहिलाच सिनेमा, लेखन जयदीप साहनीचं. त्याला सर्वोत्कृष्ट हिंदी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दिल्लीतले कमल किशोर खोसला आयुष्याची पुंजी घालून प्लॉट घेतात आणि खुराना नावाचा जमिनींचा दलाल तो बळकावतो. सोडायचे पंधरा लाख मागतो. मग पोरं, एक चलाख एजंट आणि नाटकवाली मंडळी मिळून खुरानालाच त्याच्या धंद्यात गंडवतात. मत्स्यपालन खात्याची जमीन त्याला विकायला काढतात!

इथे मला तटस्थ राहता येत नाही. माझ्या बाबांनी शहराबाहेर प्लॉट घेतला होता, डायरीवर सौदा, म्हणजे रजिस्ट्रीविना नुसती डायरीत नोंद. कॉलोनायझर, म्हणजे प्लॉट पाडून विकणारा, आज रजिस्ट्री करतो, उद्या करतो म्हणत राहिला. एका रविवारी आम्ही डबा घेऊन जागा बघायला गेलो तर भोवती तारेचं कुंपण आणि आत दुसऱ्याच कुणाची खाट. बाबा कुंपणाबाहेर उभे राहून आईला म्हणाले, "इथे तुळस येणार होती." पुढची सहा वर्षं चकरा मारण्यात गेली. म्हणून सिनेमात खोसला कुटुंब आपल्याच जागेसमोर परक्यासारखं उभं राहतं, तेव्हा सगळे हसतात आणि माझ्या घशात काहीतरी अडकतं.

गंमत म्हणजे दोन्हीकडे अनुपम खेर आहेत. 'छब्बीस'मध्ये त्यांचे शर्माजी धाडीच्या वेळी वाघ आणि घरी लेकुरवाळे, भित्रे. 'खोसला'त ते सोंग न येणारे, पाय घसरत घसरत हिंमत गोळा करणारे बाप आहेत. मला दुसरे जास्त मोठे वाटतात. आणि बोमन इराणीचा खुराना! तो ओरडत नाही, मायेने बोलतो, म्हणून जास्त भीती वाटते.

मुलं पंधरा-सोळाची असतील, कोडी सोडवायची आवड असेल, तर बेशक 'छब्बीस' लावा. शेवटची कलाटणी कुणाला आधी सांगू नका. ती कळल्यावर दुसऱ्यांदा पाहण्यातही वेगळी मजा आहे, आधीचे साधे वाटलेले प्रसंग पुन्हा तपासावेसे वाटतात. दोन्ही पाहून झाले असतील तर २०२०चा 'लूटकेस' आहे, छापखान्यातल्या कामगाराला नोटांनी भरलेली बॅग सापडते तो. हलकाफुलका, कुणाल खेमू झकास, पण या दोघांच्या पंगतीत मी त्याला बसवणार नाही.

घरात म्हातारी माणसं असतील, कुणी कधी जागेसाठी, पेन्शनसाठी, हक्काच्या पैशासाठी खेटे घातले असतील, तर 'खोसला'च. त्यात विनोद जास्त आहे आणि तो हिंदी न समजणाऱ्या पाहुण्यालाही कळतो.

आम्ही तोच लावला. आत्या मध्यंतरापर्यंत डुलक्या घेत होती, मग उशी मांडीवर घेऊन ताठ बसली. खुराना पैसे मोजून देतो त्या प्रसंगात खोली चिडीचूप झाली. बाबा कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. एरवी सिनेमा अर्धा सोडून झोपायला जातात. त्या रात्री त्यांनी मला खूण करून तेवढाच तुकडा परत मागे घ्यायला सांगितला.