मर्कुर 34सी सेफ्टी रेझर: जळगावच्या पाण्यात अन् उन्हात वापरून पाहिला

आधीच सांगून टाकतो, रेझर एक नंबर आहे. पण ज्याला तीन नाहीतर पाच पात्यांच्या कार्ट्रिजवर दाबून दाढी ओढायची सवय आहे त्याने पहिले हात हलका करायची तयारी ठेवावी, कारण याच्यात जोर लावायचाच नसतो, सगळं काम रेझरचं वजन करतं.

बनलेला जर्मनीतल्या झोलिंगनमध्ये. जळगावच्या भरिताच्या वांग्याला जसं जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे तसं तिकडे झोलिंगन हे नाव कायद्यानेच राखलेलं आहे, कुणीही उठून चाकू-कात्रीवर ते छापू शकत नाही. हातात घेतल्याबरोबर वजन कळतं, 77 ग्रॅमच्या आसपास, आणि बरंचसं डोक्याकडे. दांडा आखूड अन् जाड, वर बारीक खाचा पाडलेल्या, त्यामुळे फेसाने हात बुळबुळीत झाला तरी सटकत नाही. खालची घुंडी फिरवली की वरची टोपी सुटते, ब्लेड ठेवायचं, टोपी बसवायची, घुंडी आवळायची, झालं. आवळताना ब्लेडची आखूड बाजूची दोन टोकं चिमटीत धरून ठेवा म्हणजे दोन्हीकडे धार सारखी बाहेर येते. हे नक्की करा, एका बाजूला धार जास्त निघाली तर तीच बाजू गालाला ओरबाडते.

किंमत ऐकून मित्र म्हणे, "भो, इतला महाग लिसन काय करशी?" प्रश्न रास्त आहे, रेझर हजारांत जातो. पण तो एकदाच घ्यायचा, पुढे खर्च फक्त ब्लेडचा, आणि आपल्याकडे मिळणारं साधं ब्लेड दोन-पाच रुपयांत पडतं, तिकडे एक कार्ट्रिज शंभराच्या वर. शिवाय कार्ट्रिज ज्या कंपनीचं त्याच दांड्याला बसतं, इथे तसं काही नाही. किंग कॅम्प जिलेटला 1904 साली ज्या रेझरचं पेटंट मिळालं त्याच जातीचा हा रेझर आहे, बाजारातलं कोणतंही दुधारी ब्लेड याला बसतं, टोपाझ घ्या, सुपरमॅक्स घ्या, जपानचं फेदर घ्या. सलूनवाले दादा कागदासकट मधोमध मोडून अर्धं वस्तऱ्यात घालतात ना, तेच हे ब्लेड.

आता मेन गोष्ट, दाढी. टोपी गालाला टेकवायची अन् दांडा हळूहळू खाली आणायचा, साधारण 30 अंशाला धार केसाला लागते आणि चर्र चर्र असा बारीक आवाज सुरू होतो. हा आवाज म्हणजेच खूण, आवाज बंद झाला की कोन चुकला समजा आणि दांडा जरासा वरखाली करा. लांब ओढायचं नाही, बोटाच्या दोन पेरांएवढेच छोटे छोटे स्ट्रोक. गालावर केस वरून खाली वाढतात पण गळ्यावर बऱ्याच जणांचे आडवे नाहीतर उलटे, कोरड्या दाढीवर बोट फिरवून दिशा आधी बघून घ्या. पहिला हात केसाच्या दिशेने, परत फेस लावून दुसरा आडवा, बस. उलटा हात मी गळ्यावर मारतच नाही.

माझ्यासाठी सगळ्यात मोठा फरक गळ्यावरच पडला. केस राठ अन् कुरळे, कार्ट्रिजने लाल पुटकुळ्या यायच्या. कार्ट्रिजचं पहिलं पातं केस ओढतं अन् मागचं पातं तो त्वचेच्या खालून कापतं, मग कुरळा केस बाहेर यायच्या ऐवजी आतच वळतो. इथे एकच पातं, त्वचेलगत कापून मोकळं. गळा आता साफ आहे, आणि मे महिन्यात जळगावचा पारा 45 च्या पुढे जातो तेव्हा कॉलरखाली घाम झोंबत नाही याची किंमत ज्याला हा त्रास आहे त्यालाच कळेल.

फेसाचं मात्र आपल्याकडे बघावं लागतं. बोअरचं पाणी जड, साबणाचा फेस होण्याऐवजी दह्यासारखा चोथा होतो आणि चांगला रेझरसुद्धा कोरडा ओढल्यासारखा वाटतो. उपाय सोपा, जारचं अर्धा कप पाणी घ्या, ब्रश त्यातच भिजवा, फेस त्यातच करा, चेहरा धुवायला बोअरचं चालतं. रेझर मात्र वापरून झाल्यावर कोरडा पुसा, नाहीतर खाचांमध्ये पांढरा थर बसतो. बसलाच तर लिंबाची फोड फिरवून लगेच धुवायचा, भिजत ठेवू नका, क्रोम खराब होतं.

शेवटी ओली तुरटी फिरवा. जिथे चरचरेल तिथे हात जड पडलाय, उद्या तिथे हलका ठेवायचा. आफ्टरशेव्हपेक्षा मला तर हीच भारी वाटते.

कुणी घेऊ नये? ज्याला लांब दांडा लागतो त्याने नको, आणि पाच मिनिटांत आवरून भुसावळ पॅसेंजर गाठायची असेल त्याने रोज तरी नको, याला दहा-पंधरा मिनिटं निवांत लागतात. चार-पाच दिवसांची वाढलेली दाढी असेल तर हा रेझर थोडा सौम्य पडतो, आधी ट्रिमर फिरवून घ्या.

आणि ब्लेडचं एकदम शंभराचं पाकीट मागवू नका. फेदर फार तेज आहे, नवीन हाताला जड जाईल, साध्या ब्लेडपासून सुरुवात करा, दोन-तीन कंपन्यांची पाच-पाचची पाकिटं आणून कोणतं आपल्या केसाला जमतं ते बघा. चार-पाच दाढ्यांनंतर ओढायला लागलं की ब्लेड बदला, अन् जुनं ब्लेड कचऱ्यात उघडं टाकू नका, झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डबीत जमा करा.