स्लीपमधून उठल्यावर वायफाय गेलं, आणि त्यापायी माझे १,०३,३९७ रुपये ८२ पैसे गेले

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. जेवून उठलो, लॅपटॉपचं झाकण उघडलं आणि वायफाय गायब. यादीत एकही नाव नाही. मोबाइलवर तेच वायफाय व्यवस्थित चालू. हा त्रास महिनाभर होता. लॅपटॉप स्लीपमध्ये गेला की उठताना वायफाय यायचं नाही, रीस्टार्ट केला की यायचं. त्या दिवशी दुपारपर्यंत तीनदा रीस्टार्ट करून झाला होता.

मी सांगलीत दुकानदारांचे हिशेब लिहितो, जीएसटी रिटर्न भरतो. २० तारखेला ३बीची, म्हणजे महिन्याच्या जीएसटी रिटर्नची मुदत, त्याच दिवशी विधानसभेचं मतदान आणि माझी चौदा रिटर्न बाकी. उशीर झाला की दिवसाला ५० रुपये लेट फी पार्टीला, म्हणजे ज्याचं रिटर्न त्या दुकानदाराला, आणि बोलणी मला. महाराष्ट्रासाठी मुदत एक दिवस वाढवली हे मला नंतर कळलं. हे सगळं सांगतोय कारण "इतका शिकलेला माणूस फसतोच कसा" हे वाक्य मी आता पन्नास वेळा ऐकलंय. घाईत फसतो. घाई नसती तर मी दुकानात नेऊन दिला असता लॅपटॉप.

मोबाइलवर कंपनीचं नाव आणि पुढे कस्टमर केअर असं टाकलं. सगळ्यात वर जो नंबर आला तो लावला. त्याच्या डोक्यावर बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलं होतं, म्हणजे पैसे देऊन वर आणलेली जाहिरात. कस्टमर केअरचा नंबर असा शोधायचाच नाही. लॅपटॉपच्या बिलावर असतो, खोक्यात येणाऱ्या वॉरंटी कार्डावर असतो, तिथूनच घ्या.

पुढचं तुम्हाला साधारण माहीत आहे. गोड आवाज, "सर, आप टेन्शन मत लो". यूएसबी केबलने फोनचं नेट लॅपटॉपला द्यायला लावलं, स्क्रीन दिसणारं अ‍ॅप आधी लॅपटॉपवर आणि मग "नेट फोन से आ रहा है, तो फोन भी चेक करना पडेगा" म्हणून फोनवरही टाकायला लावलं. मग इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची बारीकसारीक घटनांची नोंदवही उघडून लाल फुल्यांची भली मोठी यादी दाखवली. नंतर काळ्या खिडकीत नेटस्टॅट ही लॅपटॉप कुठेकुठे जोडलाय ते दाखवणारी कमांड चालवून 'फॉरेन अ‍ॅड्रेस' या रकान्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, हे परदेशातले लोक तुमच्या वायफायमधून आत शिरलेत. घाम फुटला मला. माझ्याकडे लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंट, पासवर्ड असतात. आता कळलं की त्या रकान्याचा अर्थ फक्त 'समोरच्या कॉम्प्युटरचा पत्ता' असा आहे, तो कुठल्याही चालू लॅपटॉपवर दिसतो. लाल फुल्याही तशाच. भाच्याने त्याच्या कोऱ्या लॅपटॉपवर उघडून दाखवल्या.

त्याने एक वर्षाचा 'नेटवर्क सुरक्षा प्लॅन' सांगितला. ४,९९९ रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, एकूण ५,८९८.८२. मी म्हटलं, आधी बिल पाठवा. तेवढी अक्कल होती.

बिल आलं. जीएसटी नंबर ०७ ने सुरू होणारा, म्हणजे दिल्लीचा. माझा पत्ता सांगली, महाराष्ट्र. आणि खाली कर लावलेला सीजीएसटी ४४९.९१, एसजीएसटी ४४९.९१. सीजीएसटी-एसजीएसटीची जोडी एकाच राज्यातल्या व्यवहाराला, दिल्लीहून महाराष्ट्रात दिलेल्या सेवेवर आयजीएसटी लागतो. हे मी रोज नव्या पोरांना शिकवतो, पार्ट्यांची बिलं याच चुकीसाठी परत पाठवतो. मला ते दिसलं. वाचून झालं, बोट त्या ओळीवर थांबलं, आणि मी मनात म्हटलं, यांच्या क्लार्कने चूक केलेली दिसते, नंतर दुरुस्त करून मागू. बिलावरचा जीएसटी नंबर जीएसटी पोर्टलवर टाकून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं, फोनवरूनही बघता आलं असतं. नाही टाकला. पैसे गेल्यापेक्षा ही ओळ मला जास्त छळते. माझा धंदाच तो आहे आणि मी ते बिल पास केलं.

५,८९८.८२ मी नेटबँकिंगने स्वतःच्या हाताने भरले. मग तो म्हणाला, आता वायफायचा ड्रायव्हर (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) अपडेट होईल, स्क्रीन काळी पडेल, कशाला हात लावू नका आणि फोन पालथा ठेवा, हलला तर नेट तुटेल. मी फोन टेबलाच्या काचेवर पालथा ठेवला. थोड्या वेळाने तो काचेवर थरथरायला लागला. बायको आतून आली, म्हणाली, "अहो, मेसेज येतायत, बघा तरी." मी तिलाच गप्प केलं. ते ओटीपी होते. फोनची स्क्रीन त्याला तिकडे दिसत होती, आणि नेटबँकिंगचा पासवर्ड मी ब्राउझरमध्ये सेव्ह करून ठेवलेला होता. तो आजच काढा. आत्ता काढा.

फोन उलटा केला तेव्हा ४९,००० आणि ३८,५०० गेलेले होते. कुठल्याशा वॉलेटच्या नावावर.

केबल उपटली, लॅपटॉप बंद केला, पण फोनवरचं अ‍ॅप काढायचं सुचलं नाही. तुम्ही आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि दुसऱ्याच्या फोनवरून बोला. बँकेच्या हेल्पलाइनवर भाषा निवडा, खात्याचा प्रकार निवडा, आमच्या नव्या कर्ज योजनेविषयी ऐका. माणूस मिळाला तेव्हा ४ वाजून ५२ मिनिटं झाली होती. तक्रार क्रमांक दिला. नेटबँकिंग बंद करा म्हटलं, "केलं सर" म्हणाला. ५ वाजून १० मिनिटांनी आणखी ९,९९९ गेले. मग काय बंद केलं होतं त्याने?

सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी हेल्पलाइन नंबर १९३० लागता लागत नव्हता. सातव्यांदा लागला. तरीही लावत राहा, कारण पैसे पुढच्या खात्यात अडकवायचे तर तोच रस्ता आहे. माझे ३८,५०० त्यामुळेच अडकले.

पोलीस ठाण्यात गेलो तर सगळे निवडणुकीच्या बंदोबस्ताला. आयटी कायद्याच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्याच अधिकाऱ्याने करायचा असतो, आणि साहेब बंदोबस्तावर. समजू शकतो. पण मतदान झालं, निकाल लागला, सरकार बसलं, तरी माझ्यासाठी साहेब बंदोबस्तावरच. ठाण्यातून सांगितलं सायबर पोलिसांकडे जा. सायबरमध्ये म्हणाले, तुमचं लाखभराचं आहे, इथे पन्नास-पन्नास लाखांची माणसं बसलीत, ठाण्यातच द्या. ठाण्यात परत गेलो तर आरोपी बाहेरच्या राज्यातला, आमची हद्द नाही. हद्दीचं कारण त्यांना देताच येत नाही, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय. ते छापून नेलं तेव्हा कुठे गुन्हा नोंदला. तोवर अर्जावर शिक्का मारून देत होते. शिक्का म्हणजे एफआयआर नव्हे, त्यावर समाधान मानून घरी येऊ नका.

बँकेच्या शाखेत तर चारचौघांत विचारलं, "ओटीपी तुम्हीच दिलात ना?" मी कोणालाही ओटीपी सांगितलेला नाही. एक आकडासुद्धा उच्चारला नाही. पण त्यांच्या फॉर्मवर 'ग्राहकाचा निष्काळजीपणा' याच रकान्यात खूण. तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं. ग्राहकाची चूक असली तरी तक्रार नोंदवल्यानंतरचं नुकसान बँकेने सोसायचं, हे त्यात होतं. हे मी शाखेत वाचून दाखवलं, तर "वर पाठवतो" म्हणाले. तीस दिवस वाट पाहिली आणि रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार टाकली, मग ९,९९९ परत आले. म्हणून वेळ लिहून ठेवा. माझ्याकडे ४:५२ चा तक्रार क्रमांक नसता तर तेही गेले असते.

आणि वायफाय? भाऊबीजेला न आलेला भाचा महिन्याअखेरीस आला. "मामा, यात काय होतं?" म्हणाला. डिव्हाइस मॅनेजर उघडलं, नेटवर्क अ‍ॅडॅप्टरमध्ये वायरलेस कार्डावर डबल क्लिक केलं, पॉवर मॅनेजमेंटमध्ये 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' अशा अर्थाची टिक होती, ती काढली. स्लीपमध्ये विंडोज त्या कार्डाची वीज तोडत होतं आणि उठल्यावर कार्ड जागं होत नव्हतं, एवढंच. दोन मिनिटं, फुकट. काही नव्या लॅपटॉपवर तो टॅबच दिसत नाही. तिथे कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून, मॉडेल नंबर टाकून, वायफायचा ड्रायव्हर नवा घ्यायचा. तेवढ्यापुरतं चालवायचं असेल तर कार्ड तिथेच डिसेबल करून परत इनेबल केलं तरी येतं. तेव्हापासून माझं एकदाही गेलेलं नाही.

अडकलेले ३८,५०० सोडवायला तेव्हा कोर्टाचा आदेश लागत होता, त्यासाठी अर्ज केला. उरलेले ५४,८९८ रुपये ८२ पैसे गेले. ते बिल मी छापून टेबलाच्या काचेखाली ठेवलंय, एसजीएसटीच्या ओळीखाली लाल पेनने रेघ मारून. नवीन पोरगा कामाला आला की आधी त्यातली चूक काढायला सांगतो.